जनेलावरची रेघ

पार्से गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील दुसऱ्यांच्या काजूच्या बागेत राबायचे. मी वकिलीची सनद घेऊन आलो तेव्हा आईला वाटलं, आता हा उद्यापासून मोठमोठ्याने बोलायला लागणार. प्रत्यक्षात डिचोलीतल्या ज्या बाईंच्या ऑफिसात मी लागलो, तिथे पहिले सहा महिने मी फक्त ऐकलं आणि लिहून घेतलं.

बाई आरोग्याचे खटले चालवायच्या. इस्पितळात हेळसांड झालेली माणसं, खाणीवरचे खोकणारे कामगार, असे त्यांचे अशील. जमिनीचे दावे त्या घेत नसत, म्हणून कोर्टातले बाकीचे वकील त्यांना गमतीने ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. एका डॉक्टरांकडे बसून त्या एक्स-रे बघायला शिकल्या होत्या. अशील आला की पाकिटातली फिल्म काढून जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उजेडात धरायच्या. गोवा राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, भाषेचा वाद बाजारात अजून धुमसत होता. बाईंच्या ऑफिसात मात्र कोकणी, मालवणी, मराठी, ज्याला जे येईल ते चालायचं.

तिथे एक दिवस मुळगावात राहणारे एक काका आले. मूळचे सिंधुदुर्गातले, खाणीवर ट्रक भरायला आलेले आणि इथेच राहिलेले. खोकला जात नव्हता. त्यांच्या भागातल्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नव्हती, त्यामुळे दर खेपेला खोकल्याचं लाल औषध घेऊन ते घरी यायचे. त्यांना एकच हवं होतं, आपल्या छातीत काय आहे ते कळावं. बाईंनी त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हायकोर्टात अर्ज करायचं ठरवलं. खाणीवरच्या माणसांची छाती जवळच्याच दवाखान्यात तपासली जावी, एवढीच मागणी.

अर्जाचा कच्चा मसुदा मी केला. चौथ्या पॅरात ऐटीत लिहिलं, की ट्रकांची लाल धूळ घराघरांत शिरते. बाईंची पेन्सिल तिथे थांबली.

“तू पाहिलंस?”

ऐकलंय, म्हणालो. त्यांनी कागद परत दिला आणि घड्याळाकडे पाहिलं. मुळगावची बस सुटायला दहा मिनिटं होती.

काकांच्या दारात ओला कपडा टांगलेला होता. पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले पाव डब्यात घट्ट बंद. मी जनेलाच्या फळीवरच्या धुळीत बोटाने एक रेघ ओढली. दुपारी जेवून उठलो तेव्हा ती बुजली होती. काका म्हणाले, “आता कोट झटकून जा, वकिला. तसो पण तो तुझ्यापेक्षा मोठो आसा.” कोट मागून आणलेला होता, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. बाईंनी चौथा पॅरा त्या रेघेसकट नव्याने लिहिला.

अर्ज दाखल झाला आणि थोड्याच दिवसांत सरकारने बाईंना आरोग्य खात्यात मोठ्या पदावर बोलावलं. काका खूश. “बाय सरकारात गेली. आपला काम झालाच समज.” मलाही तसंच वाटलं होतं. खटला आता माझ्याकडे आला होता. गठ्ठा घेऊन मी पणजीला बाईंना भेटायला गेलो. त्यांनी चहा मागवला, आईची चौकशी केली. मी गठ्ठ्याची दोरी सोडायला लागलो तसा त्यांनी हात वर केला.

“बांध ती. हा खटला माझ्यासमोर काढायचा नाही. इथली फाइलही मी दुसऱ्याकडे सोपवलीय.”

काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, “मगे ती वर गेली काय नि हयच रवली काय, माका सारख्याच.” खरं सांगायचं तर मलाही बाईंचा राग आला होता.

सरकारी उत्तर कसं येतं हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. पॅरा एक नाकबूल, पॅरा दोन नाकबूल, असं शेवटपर्यंत. म्हणून त्यावरचं माझं प्रत्युत्तर मी आधीच टाइप करून नेलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात खात्याच्या अधिकाऱ्याने उत्तर माझ्या हातात ठेवलं. मी पानं उलटली. पॅरा चार, कबूल. पुढे लिहिलं होतं, की अधिकाऱ्याने स्वतः जाऊन जनेलाच्या फळीवर रेघ ओढली आणि ती दुपारपर्यंत बुजली. तपासणीची सोय जवळ नाही, हेही कबूल.

मी त्या गृहस्थांकडे बघतच राहिलो. ते कुरकुरत म्हणाले, की तुमच्या बाई आल्यापासून नवा नियम झालाय, जागा पाहून आल्याशिवाय कुठल्याच खटल्यात उत्तरावर सही करायची नाही. आमची फाइल बाईंनी उघडलीसुद्धा नव्हती. तो नियम पेडण्यापासून काणकोणापर्यंत, अख्ख्या गोव्यातल्या सगळ्या फाइलींना होता.

“माझी पँट अजून लाल आहे,” ते म्हणाले.

माझं टाइप केलेलं प्रत्युत्तर पिशवीतच राहिलं. आत माझा पुकारा झाला तेव्हा भांडायला काही उरलंच नव्हतं. मागणी मंजूर झाली. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. एका माणसाने खुर्चीवर बसून, आपल्या माणसांसाठी बोटही न हलवता, एवढं करावं? मला वकिलीत पुढे पुष्कळ काही बघायला मिळालं, पण तसं थक्क व्हायला पुन्हा झालं नाही.

पुढच्या वर्षी दवाखान्यात मशीन आलं. काकांचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं तरी काकांचं समाधान होईना. बायने बघायला हवं, म्हणत राहिले. खटला संपलेला होता, म्हणून मी त्यांना पणजीला घेऊन गेलो. बाई मोठ्या टेबलामागून उठल्या, फिल्म घेतली आणि खिडकीशी गेल्या. सहीसाठी कागद घेऊन आलेले दोन कारकून तसेच उभे राहिले. बाईंनी घाई केली नाही. मग काकांना त्यांनी कोकणीत सांगितलं, की डॉक्टर म्हणतात तेच खरं आहे, धूळ बसली आहे, आता खाणीवर जायचं नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा छाती तपासून घ्यायची.

काकांनी मान हलवली. “काय आसा ता कळला,” ते म्हणाले.

जिना उतरताना ते तीनदा थांबले. तिसऱ्यांदा कठड्याला हात लावून त्यांनी एक्स-रेचं पाकीट माझ्याकडे दिलं.

“धर रे वकिला. दुमडू नको हां.”