टेकडीवरची टाकी

दिपमालाचं माहेर शिरपूरजवळचं, संसार जळगावात पिंप्राळ्याला. ठिबकच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून ती एका गावाच्या पाणीपुरवठा संस्थेची व्यवस्थापक झाली. स्कूटरवर यायची, बोलायची मोठ्याने, हसायची त्याहून मोठ्याने.

आल्या आल्या टाकीचा प्रश्न समोर आला. नदीवरून उपसलेलं पाणी टाकीत साठवून शेताशेतात ठिबकला सोडायचं होतं. टाकी वरच्या आळीमागच्या टेकडीवर बांधली तरच दाब पुरणार होता. संस्थेचे अध्यक्ष कौतिकआबा मात्र खालच्या आळीचे. ते आणि त्यांची माणसं एकाच गोष्टीवर अडून बसली होती, टाकी खाली मारुतीच्या पारापाशीच हवी. संचालक मंडळात मतंही त्यांचीच जास्त.

"आबांना आकडे दाखवा ना मॅडम," नवीन नावाचा तिच्या हाताखालचा इंजिनिअर म्हणाला.

"सभेत दाखवले तर आबा हट्टालाच पेटतील," ती म्हणाली आणि सभेआधीच आबांच्या ओट्यावर जाऊन बसली.

चहा झाला, कपाशीच्या गप्पा झाल्या. मग तिने सरळ विचारलं, "आबा, टाकी वर झाली तर तुम्हाला नेमकं काय खटकतं?"

आबा मग म्हणाले, "पोरी, तुनं गणित खरं शे. पन भांडन झाये का वरल्या आळीवाला कॉक बंद करतस. मांगे असंच झायं. आमनं बठ्ठं पीक वाळी गयं."

दिपमाला चमकली. आपण ज्याला राजकारण समजत होतो, ती भीती होती, आणि खरी होती. परतताना तिला स्वतःचाच राग आला आणि हुरूपही. भीतीवर तोडगा काढता येतो.

तिने आराखडा बदलला. टाकी टेकडीवरच, पण दोन्ही आळ्यांना वेगळ्या लाइनी आणि ज्याचा कॉक त्याच्याच आळीत. टाकीपाशी कॉकच नाही.

नवीन वैतागला. "दुरुस्तीला अख्खी टाकी रिकामी करावी लागेल! पाइपही जास्त."

"करू रिकामी. दाब मात्र सोडायचा नाही, बाकी सगळं सोडू."

सभेत वरच्या आळीचा अभिमन उठला. "टाकी आमच्या डोक्यावर, हातात काय?"

"गुरांना पाणी प्यायला हाळ," दिपमाला म्हणाली. "टाकीतून थेट. खालच्यांची गुरंही तिथंच पितील."

अभिमनने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यावर खुद्द आबांनीच ठराव मांडला, जणू टेकडी त्यांनाच सुचली होती. दिपमाला वहीत मान घालून हसू दाबत राहिली.

पाणी सुटलं त्या दिवशी आबा भर उन्हात शेताच्या पार शेवटच्या टोकाला जाऊन उकिडवे बसले. नळी फुरफुरली, हवा सुटली आणि थेंब पडला. मग टपटप सुरूच. आबांनी थेंब तळहातावर झेलला, डोक्याला लावला आणि पोरासारखे ओरडले, "ऊनं वो, ऊनं!" पाणी आलं होतं, पार टोकापर्यंत.

वर हाळाशी म्हशी शिरल्या होत्या. बाया एकमेकींवर पाणी उडवत होत्या. दोन्ही आळ्यांच्या बाया, कोण कुठली ते ओळखूही येत नव्हतं. कुणीतरी मागून दिपमालावर कळशी पालथी केली. ती नखशिखांत भिजली, किंचाळली, आणि दुसऱ्याच क्षणी कळशी हिसकावून नवीनच्या मागे धावली.