मस्टरवरचा हेल्पर

कुशल हातांसाठी जगाची सगळी दारं उघडी असतात. हे वाक्य माणसं परदेशात पाठवणाऱ्या एका एजंटच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि माझा परळचा मित्र सुधीर त्याखाली बसून फॉर्म भरत होता.

आज आमच्या इमारतीत ग्रिलचं वेल्डिंग चाललंय. जळत्या रॉडचा वास आला आणि सुधीरच्या शेठचं लालबागचं ऑफिस आठवलं. त्याच्या कारखान्यात सुधीर अकरा वर्षं वेल्डर होता. कॅनडाला जायला तेवढं अनुभवाचं पत्र कमी होतं. ते मी टाइप करून नेलं होतं; शेठनं फक्त सही करायची होती.

शेठनं चष्मा लावला. "वेल्डर कुठला? मस्टरवर तू हेल्पर आहेस."

"शेठ, सगळे अवघड जोड मीच मारतो ना?"

"मारतोस रे! पण लिहून दिलं तर उद्या मागच्या पगाराचा फरक मागशील. तू मला मुलासारखा आहेस."

सुधीर हातावरचे भाजल्याचे डाग बघत राहिला. मी टेबल उलथायला हवं होतं. मी म्हणालो, "बघा ना शेठ, जमलं तर." आज शेठपेक्षा त्या 'जमलं तर'चाच मला जास्त राग येतो.

शेठनं पत्रात 'हेल्पर' लिहिलं आणि अर्ज फेटाळला गेला. त्या वर्षी कामगार दिनाला त्यानं सुधीरला स्टेजवर बोलावून 'कुशल कारागीर' म्हणून शाल पांघरवली. शाल पॉलिस्टरची होती. वेल्डिंग करताना अंगावर असली तर ती पेट घेते.