प्रयोगशाळेची खंडेनवमी

हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेवा. माझा हा घोटाळा ऐकताना भल्याभल्यांच्या नाकातून चहा आलाय, आणि मागाहून लादी पुसायला मीच असतो.

मी सावंत. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर दमले म्हणून. लालबागला मिलमध्ये साच्यावर होतो, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर. मग संप झाला. संपाचं मी काही सांगणार नाही. ज्यांनी बघितला त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही बघितला ते मध्येच मोबाईल काढतात. एवढंच धरून चला की मिलने मला परत घेतलं नाही. बरेच उंबरठे झिजवल्यावर परळच्या बाजूला विद्यापीठाच्या एका विज्ञानाच्या खात्यात शिपायाची नोकरी लागली.

तिथे पोरांना रक्त, जंतू, पेशी असलं काय काय शिकवायचे. शिकून ती हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत नाहीतर औषधाच्या कंपनीत लागायची. त्या शिक्षणाला एक लांबलचक नाव आहे. ते घ्यायला गेलो की कवळी सरकते, म्हणून घेत नाही.

पहिल्याच आठवड्यात मला तिथली रीत कळली. तिथे जंतूंना जेवण घालतात. चेष्टा नाही. काचेची चपटी डबी असते, वर झाकण, आत जेली. जेली कसली, तर मटणाच्या सुपासारखं काहीतरी घट्ट करून ओतलेलं. त्यावर जंतू सोडायचे आणि डबी उबेच्या कपाटात ठेवायची. संपात आमची पोरं पेजेवर होती आणि इथे जंतूंना सूप, वर उबदार बिछाना. नोकरी नवी होती, म्हणून झाडू मारत राहिलो.

खात्याच्या मुख्य होत्या प्रधान बाई. आवाज चढवायच्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला की जिन्यावरची पोरं गप्प व्हायची. त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "सावंत, झाडू मारा, चहा आणा. पण आतल्या कशालाही हात लावायचा नाही."

मी कधी लावला नाही. आता तुम्ही म्हणाल, मग घोटाळा कसा झाला? थांबा की जरा.

पोरांमध्ये एक संध्या होती. वरळी कोळीवाड्यातली. आई मासळी बाजारात बसायची. वाळत घातलेल्या बोंबलावर कुठले जंतू बसतात आणि मीठ किती लावलं की ते मरतात, असा तिचा प्रयोग. महिनोन् महिने ती त्या डब्यांवर जीव टाकत होती. दसऱ्यानंतर एका मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर खात्यात येणार होते. पोरांचं काम बघून एकाला आपल्या लॅबोरेटरीत घेणार होते. फक्त एकाला.

"काका, ह्या वेळी नाही लागलं ना, तर संपलं," ती एकदा मला म्हणाली. "आई बोलली, शिकलीस तेवढं बास. दिवाळीपासून माझ्याशेजारी मासळीची पाटी घेऊन बसायचं."

"मग बस की. मासे विकणं काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण मी भाव करायला लागले की गिऱ्हाईक हसतं. आई बोलते, तू धंदा बुडवशील."

तर मंडळी, खंडेनवमी आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिलमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. आम्ही साचे घासूनपुसून लख्ख करायचो, झेंडूच्या माळा घालायचो, हळदकुंकू लावायचो, नारळ फोडायचो. मग साचे बंद. पूजा झालेल्या यंत्राला दसरा उलटेपर्यंत विश्रांती. वर्षभर राबतं बिचारं. मालक कसाही असला तरी त्या दिवशी मध्ये तोंड घालत नसे.

इथे बघतो तर एवढी किमती यंत्रं, पण कोणाला त्याचं सोयरसुतक नाही. नवमीला दुपारीच सगळे घरी पळाले. संध्याने तिच्या डब्या फ्रिजमध्ये रचून ठेवल्या आणि तीही गेली. किल्ल्या माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं. शिकलेली माणसं, पण यंत्राचे उपकार मानायची अक्कल नाही.

मी लालबागच्या बाजारातून झेंडू आणला, आंब्याचे डहाळे आणले, नारळ आणला. आणि कामाला लागलो. हात लावू नका म्हणाल्या होत्या, कबूल. पण पूजेला काय हात लावणं म्हणतात?

बादलीभर पाण्यात फडकं भिजवलं आणि एका फडक्याने सगळं खातं पुसून काढलं. जमीन, मग टेबलं, मग यंत्रं. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायच्या यंत्राला माळ घातली. उबेच्या कपाटाला तोरण. उदबत्त्या लावायला कुठेच जागा मिळेना. एक काचेचं कपाट होतं, त्यात आपोआप स्वच्छ वारा येतो, तिथे लावल्या. वारा चांगला होता, धूर खात्यात कोपऱ्या-कोपऱ्यात पोचला. जंतू बघायच्या दुर्बिणीला कुंकू कुठे लावायचं ते कळेना. तिला कपाळच नाही. म्हणून जिथे डोळा लावतात तिथे लावलं.

मग फ्रिज उघडला. संध्याच्या डब्या.

आता बघा, मोठ्या यंत्रांना हळदकुंकू आणि पोरीच्या डब्यांना नाही, असला दुजाभाव माझ्याच्याने होत नाही. पण झाकणांवर तिने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. ते पुसलं गेलं तर पोरगी रडेल. मी काळजीवाहू माणूस. मी प्रत्येक झाकण उचललं, आत चिमूटभर हळदकुंकू आणि दोन-दोन अक्षता टाकल्या आणि झाकण होतं तसं लावलं. एक अक्षर पुसू दिलं नाही.

नारळ फोडला तो गरगरत्या यंत्राच्या पायाशी. पाणी थोडं उडालं. खोबऱ्याचे तुकडे केले, प्रसाद म्हणून बशीत काढले, आणि वाळू नयेत म्हणून त्याच फ्रिजमध्ये ठेवले.

शेवटी मेन स्विच खाली ओढला. झोपा रे बाबांनो.

सगळी घरघर एकदम थांबली. यंत्रं बंद पडल्यावरची ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची. फक्त ही यंत्रं परत सुरू होणार होती. मी दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो, मग कुलूप लावलं.

घरी जाऊन बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती मालवणची, एका वाक्यात माणूस सोलते. "तुमका कोणी सांगल्यान हुता?" म्हणाली.

"सांगायला कशाला लागतं? माझ्या अंगात कदर आहे."

"अंगात आसा तां ठीक. डोक्यात काय आसा?"

मी तिच्याशी बोलणं बंद केलं. दसरा तसाच मुक्याने गेला.

दसऱ्यानंतर खातं उघडलं. मी लवकर जाऊन मेन स्विच वर केला, प्रसादाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि बाईंची वाट बघत दारात उभा राहिलो. शाबासकी घ्यायला माणसाने तयारीत असावं.

बाई आल्या. दार उघडलं आणि आतून वास आला. ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद फ्रिजमधले बोंबलाचे जंतू, त्यावर उदबत्ती, त्यावर आंबलेलं खोबरं. पोरं दोन पावलं मागे सरली.

बाईंनी चष्मा काढला. "सावंत. हे कोणी केलं?"

"मीच. कोणाची मदत घेतली नाही."

"स्विच?"

"तोही मीच. विश्रांती नको का त्यांना?"

"आणि ह्या डब्या कोणी उघडल्या?"

"अक्षर पुसलं नाही बाई एकपण, बघून घ्या." मी बशी पुढे केली. "प्रसाद घ्या. फ्रिजमध्येच ठेवला होता, ताजा आहे."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही खाल्लात का?"

"एक तुकडा."

झालं. त्या दिवशी पोरांनी मला सोडलं नाही. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन विचारायचं, "काका, पोटात काही वाटतंय?" नाही म्हटलं की तोंड पाडून परत जायचं. ही पोरं लोकांचं आरोग्य सांभाळायला शिकत होती बरं का.

त्यात बाईंनी काय बिघडलंय ते बघायला दुर्बिणीला डोळा लावला. उठल्या तेव्हा एका डोळ्याभोवती कुंकवाचं गोल कडं. तशाच त्या मला अर्धा तास झापत होत्या. सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. माझी तर नाहीच.

मी माझी बाजू मांडली. बाई शिकवताना दारामागून मी ऐकलं होतं की परदेशात कोणा साहेबाच्या डबीत चुकून बुरशी पडली आणि त्यातून मोठं औषध निघालं. म्हटलं, "बाई, काय सांगावं, ह्यातूनपण निघेल."

"त्यांनी तिथे नारळ फोडला नव्हता, सावंत."

संध्या मात्र आपल्या डब्यांकडे गेली. स्टुलावर बसून एकेक डबी उघडून बघत होती. आत पिवळं, हिरवं, केसाळ, चिकट, काय काय उगवलेलं. महिन्यांची मेहनत. मी जवळ गेलो.

"पोरी, परत होईल ना?"

"डॉक्टर शुक्रवारी येतायत, काका."

"मग माझं नाव सांग. म्हण, आमच्या शिपायाने वाट लावली."

"ते विचारणार, तुझं काम दाखव. शिपाई दाखवू?"

मला पहिल्यांदाच कळलं की मी काय करून बसलोय. तोंडावर रागीट भाव ठेवून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. म्हातारा होत चाललेला माणूस रडताना बरा दिसत नाही.

थोड्या वेळाने ती जिन्यात आली. हातात नव्या जेलीच्या डब्या. "हात पुढे करा."

"कशाला?"

"करा म्हटलं ना."

तिने माझी बोटं एकेक करून जेलीवर दाबली. मग माझं फडकं मागितलं, बादली मागितली. उरलेले झेंडू, नारळाची करवंटी, हळदकुंकवाची डबी, उदबत्तीची राख, सगळ्यातून थोडं थोडं घेतलं. "नखं कापत नाही का तुम्ही?" एवढंच मध्ये म्हणाली. उलटं बोलायचा माझा त्या दिवशी हक्क नव्हता.

शुक्रवारी डॉक्टर आले, दोघं. बाकीच्या पोरांच्या डब्या कपाटातल्या, झाकून बचावलेल्या, नीटनेटक्या. संध्याने टेबलावर आपल्या नासलेल्या डब्या मांडल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी.

"हे काय आहे?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"माझा प्रयोग खराब झाला, सर. पण तो कशाने खराब झाला ते मी शोधलंय." आणि तिने नासकी डबी आणि नवी डबी जोडीजोडीने शेजारी ठेवली. "हे झेंडूतून आलं. हे बादलीच्या पाण्यातून. हे हळदीतून. आणि हे सगळ्यात जास्त, प्रत्येक डबीत आहे. हे बोटातून."

"बोटातूनच, हे कशावरून?"

"बोट बाहेर उभं आहे, सर. काका, आत या."

मी ट्रेसकट आत. डॉक्टरांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला, डबीकडे बघितलं, परत हाताकडे बघितलं. दुसरे डॉक्टर हातात घेतलेला चहाचा कप हळूच परत ट्रेमध्ये ठेवायला लागले.

मोठे डॉक्टर बाईंना म्हणाले, "आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या पेशंटची जखम चिघळते तेव्हा आम्ही हेच शोधत बसतो. कोणाच्या हातून आलं. मला ही मुलगी पाहिजे."

संध्या लागली. आईची पाटी आईकडेच राहिली. आणि मी? मी आठ दिवस चाळीत छाती काढून फिरत होतो. ज्याला त्याला सांगायचो, त्या पोरीला नोकरी कोणी लावली माहीत आहे? ह्या बोटाने. बायको म्हणाली, "तां बोट आता चुलीकडे हाडू नकात." मी तिकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या माणसांची घरात कदर नसते.

पहिला पगार झाल्यावर संध्या खात्यात पेढे घेऊन आली. बाईंना दिला, पोरांना दिला, सगळ्यांनी पुडक्यातून उचलून घेतला. माझ्याजवळ आली. मी हात पुढे केला, तर तिने पुडकं मागे घेतलं, स्वतःच्या हाताने पेढा उचलला आणि थेट माझ्या तोंडात भरवला.

मला एकदम भरून आलं. पोटच्या पोरीनेपण असं भरवलं नसतं. डोळे पुसत मी प्रधान बाईंना म्हणालो, "बघितलंत बाई? किती माया आहे पोरीची."

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "माया आहेच, सावंत. पण पुडक्यात अजून पेढे आहेत."