आरसेवाल्यांचं निदान

त्यांना सगळे आरसेवाले म्हणत. आरसे विकत नसत ते, टीव्ही दुरुस्त करत. टीव्हीला पाठीमागं भलंमोठं कुबड असायचं त्या काळात मेकॅनिक मागं बसून स्क्रू फिरवायचा आणि चित्र उमटायचं पुढं. मग घरातलं कुणीतरी पुढं उभं राहून ओरडायचं, "आता हललं! आता थांबलं! अहो, माणसं हिरवी झाली!" दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवणं आरसेवाल्यांना कधी जमलंच नाही. ते घरूनच एक हातभर लांबीचा, पत्र्याच्या चौकटीचा आरसा टॉवेलात गुंडाळून आणायचे, टीव्हीसमोरच्या खुर्चीवर टेकवायचे आणि मागं बसून आरशात चित्र बघत काम करायचे.

निदान मात्र अचूक. तीस वर्षांत आपलं निदान एकदाही चुकलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. स्वतःच सांगितलेलं असलं तरी ते खरं होतं. आरसेवाल्यांनी 'ट्यूब गेली' म्हटलं की लोक दुसऱ्याला विचारायला जात नसत, सरळ नव्या ट्यूबची तयारी करत.

पुढं सपाट टीव्ही आले. आरसेवाल्यांनी तेही उघडून बघितले, शिकून घेतले. पण लोक आता टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी बदलायला लागले होते. दुकानाच्या फळ्यांवर टीव्हीच्या जागी मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, घरघरणारे पंखे आले. याचं त्यांना दुःख होतं, पण ते सोसवण्यासारखं होतं. सोसवत नव्हता तो साडू.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मोठ्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. सासूबाई त्याला कौतुकानं 'साहेब' म्हणायच्या आणि आरसेवाल्यांना 'जावईबापू'. जावई दोघंही होते, साहेब एकटाच. हे आरसेवाल्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

त्यावर कळस झाला आठ वर्षांपूर्वी. सासूबाईंच्या घरात तोवर आरसेवाल्यांनी स्वतःच्या हातानं जोडलेला टीव्ही होता. लग्न झालं त्या वर्षी, एकेक भाग जमवून, लाकडी पेटीला स्वतः पॉलिश करून त्यांनी तो दिला होता. एके दिवशी साहेबांनी मोटारीतून सपाट टीव्ही आणला. सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं. जुना डबा जिना उतरवायला दोन माणसं लागली. एक भंगारवाला आणि दुसरे स्वतः आरसेवाले. तेव्हापासून सासरी गेले की ते त्या टीव्हीकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसत. बायको म्हणायची, "अहो, वळून बसा की." ते म्हणायचे, "मला वारा लागतो इथं."

मध्यंतरी सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. साहेबच त्यांना मोटारीतून घेऊन गेले, दिवसभर थांबले, औषधाचे थेंबही घातले म्हणे. आरसेवाले गेले नाहीत. "दुकानात काम आहे," म्हणाले. दुकानात त्या दिवशी एक इस्त्री होती, आणि तिच्या मालकाला घाई नव्हती. नंतरही ते भेटायला गेले नाहीत. जिथं तिथं साहेबांचंच गुणगान ऐकावं लागणार, त्यापेक्षा इस्त्री बरी.

आणि महिन्याभरात तो टीव्ही बंद पडला.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा आरसेवाल्यांच्या मनात लाडू फुटले. "आवाज येतो, चित्र नाही," त्या म्हणाल्या. आरसेवाले हत्यारांची पिशवी आणि टॉवेलातला आरसा घेऊन निघाले. सपाट टीव्हीला आरशाची तशी गरज नसते, पण सवय जात नाही.

त्यांनी टीव्ही टेबलावर पुढं ओढला, समोरच्या खुर्चीवर आरसा टेकवला, मागचं झाकण काढलं. मीटर लावून बघितलं. वीज येत होती, आवाज खणखणीत होता. पडदा काळा ठिक्कर. मग त्यांनी सासूबाईंच्या हातात बॅटरी दिली.

"पडद्याला अगदी चिकटवून, तिरपी धरा," ते म्हणाले आणि मागून मान बाहेर काढून आरशात बघू लागले.

बॅटरीच्या उजेडात, विहिरीच्या तळाशी दिसावा तसा एक चेहरा दिसला. मालिकेतली बाई. ओठ हलत होते, कपाळावरची टिकलीसुद्धा दिसत होती. म्हणजे पडदा ठणठणीत होता, चित्र उमटत होतं. फक्त चित्रामागचे दिवे विझले होते. अर्ध्या दिवसाचं काम. आरसेवाल्यांना हे कळायला एक क्षण पुरला.

दुसऱ्या क्षणी त्यांना सासूबाईंचा तो जिना आठवला, आणि उतरताना हातात धरलेलं आपल्या जुन्या डब्याचं ते एक टोक.

"पॅनेल गेलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पडदाच गेला, संपलं. आता हा शोभेचा."

सासूबाईंनी बॅटरी विझवली. त्यांना काही दिसलं असेल, अशी शंकाही आरसेवाल्यांना आली नाही. त्यांच्या हिशेबी सासूबाई म्हणजे सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारणारी बाई.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता म्हणजे गेलंच."

आरसेवाले घरी आले ते शीळ घालत. सुंठीवाचून खोकला गेला होता. साहेबांचा टीव्ही अखेर मेला, आणि त्याच्या मरणाचा दाखला त्यांच्याच हातचा. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोलाही सहज सांगितलं, "महागड्या वस्तूंचं असंच असतं बघ. माझा डबा असता तर अजून चालला असता."

हा आनंद तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी दुकानात बायकोचा फोन आला.

"ऐकलंत का? साहेब आईला नवा टीव्ही घेतायत. भिंतभर मोठा! रविवारी येतोय. आणि भिंतीला भोकं पाडायला तुम्हाला बोलावलंय."

आरसेवाल्यांच्या हातातला पंखा टेबलावर आपटला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आधीचा टीव्ही निदान टेबलावर मावत होता.

"आणखी ऐका," बायको कौतुकानं म्हणाली. "साहेब म्हणत होते, एकदा कंपनीच्या मेकॅनिकला दाखवू. आईनं साफ नाही म्हटलं. म्हणाली, थोरल्या जावयांनी सांगितलंय ना, मग गेलंच. दुसरा मेकॅनिक माझ्या घरात नको. तरी रविवारी कंपनीची माणसं येणारच आहेत, जुना बदल्यात न्यायला. नेताना तपासून घेतात म्हणे."

आता मात्र आरसेवाल्यांना घाम फुटला. कंपनीचा माणूस म्हणजे विशीबाविशीचा पोरगा असणार. तो बॅटरी मारणार आणि साहेबांसमोर म्हणणार, याचं पॅनेल तर चांगलं आहे, कुणी सांगितलं गेलं म्हणून? दुकान बारीक झालं तरी चाललं, फळीवर इस्त्र्या आल्या तरी चाललं, पण आरसेवाल्यांकडे एकच गोष्ट साहेबांपेक्षा मोठी होती. त्यांचा शब्द. आणि तो त्यांनी एका काळ्या पडद्यापायी स्वतःच पणाला लावला होता.

शनिवारी सकाळी ते दिव्यांच्या नव्या पट्ट्या घेऊन सासूबाईंच्या दारात उभे राहिले. गुपचूप दुरुस्त करावा, म्हणावं नशिबानं झाला, असा बेत. दार साहेबांनीच उघडलं. हातात टेप, भिंत मोजत होते.

"या दादा! बरं झालं आलात. भोकं कुठं घ्यायची ते ठरवू."

"भोकं राहू देत," आरसेवाले म्हणाले. "म्हटलं, एकदा उघडून बघावा. जाता जाता."

साहेब हसले. "मेलेल्याला औषध?" आरसेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय?

सासूबाईंनी पलंगावर घोंगडी अंथरून दिली. आरसेवाल्यांनी टीव्ही पालथा घातला, वायर काढून आतली वीज ओसरायला चांगला वेळ दिला, झाकण काढलं, स्क्रू निघाले त्या क्रमानं कागदावर मांडून ठेवले. टीव्ही उताणा करून कडेची चौकट सोडवली. इथवर एका माणसाचं काम. पुढचं मात्र दोघांचं. पडद्याची काच कागदासारखी लवते, आणि तिच्या एका कडेला फितीसारख्या बारीक पट्ट्या असतात. त्यातली एक जरी फाटली तर पॅनेल खरोखरच जातं. एरवी हे टोक धरायला बायको असायची.

आरसेवाल्यांनी खोलीत नजर फिरवली. सासूबाई, आणि साहेब.

"साहेब," ते घसा खाकरून म्हणाले, "जरा हात लावता?"

साहेबांनी बाह्या वर केल्या. आरसेवाले सांगत गेले, "कडेला धरा. बोटं काचेवर नकोत. मी 'उचला' म्हणेन तेव्हाच." दोघांनी मिळून काच उचलली. समोरासमोर उभे राहिलेले दोन साडू, मधे ती लवणारी काच. साहेबांचे हात थरथरत होते, वरच्या ओठावर घाम आला होता. आरसेवाल्यांनी ते बघितलं आणि, खोटं कशाला सांगा, त्यांना बरं वाटलं. एका हिसक्यात पॅनेल फाटलं असतं, खोटं खरं झालं असतं, आणि दोष साहेबांच्या थरथरत्या हातांवर गेला असता. एवढं सोपं होतं. तो विचार त्यांच्या बोटांपर्यंत येऊन पोचला.

"दादा, नीट आहे ना?" साहेबांनी हळूच विचारलं. "मला भीती वाटते हो असल्या कामाची. आमच्याकडे खिळासुद्धा ही ठोकते."

"नीट आहे," आरसेवाले म्हणाले. "माझ्याकडे बघत या. आता हळूच खाली."

काच गादीवर अलगद टेकली.

पडद्याखाली दुधी कागद होते. ते उचलल्यावर दिव्यांच्या पट्ट्या दिसल्या, प्रत्येक दिव्यावर बारीक पारदर्शक टोपी. एका टोपीखाली मिरीएवढा काळा डाग. आरसेवाल्यांनी तो बोटानं दाखवला. "हा गेला. हे सगळे एकमेकांचे हात धरून उभे असतात. एकानं सोडला की सगळे अंधारात." साहेब वाकून बघत राहिले, शाळेतल्या पोरासारखे. आरसेवाल्यांनी सगळ्या पट्ट्या बदलल्या, कागद होते तसे घातले, दोघांनी पुन्हा काच उचलून बसवली. टीव्ही टेबलावर गेला. मागं जाऊन त्यांनी सवयीनं आरसा समोर टेकवला आणि बटण दाबलं.

चित्र आलं. लख्ख. तीच मालिकेतली बाई, आणि आज ती हसत होती.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण दादा, तुम्ही तर पॅनेल गेलं म्हणाला होतात ना? आणि आता तर म्हणता, एक दिवा गेला होता."

आरसेवाले टीव्हीमागं होते. तिथून बाहेर येऊ नये असं त्यांना वाटलं.

"अहो, बॅटरी मी धरली होती त्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या. "माझा हात हलला. त्यांना काय दिसणार? चूक माझी."

"असं होय!" साहेब म्हणाले आणि नवा टीव्ही रद्द करायला फोन घेऊन गॅलरीत गेले.

खोलीत दोघंच उरले. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"हात हलला नव्हता, जावईबापू."

आरसेवाले स्क्रू घट्ट करत राहिले. तो आधीच घट्ट होता.

"त्या बाईची टिकलीसुद्धा दिसली मला. डोळे नवे आहेत ना माझे. तुम्ही आला नाहीत, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही."

"तुम्हाला... तेव्हाच कळलं?"

"टीव्हीतलं मला काय कळतंय? तुमचं कळलं." त्यांनी खुर्चीवरच्या आरशाकडे बोट केलं. "मागं बसून तुम्हाला त्यात पडदा दिसतो. पण पडद्यापाशी उभं राहून वळून बघणाऱ्याला त्यात तुम्ही दिसता. 'पॅनेल गेलं' म्हणालात तेव्हाचं तोंड मी बघितलं तुमचं."

तीस वर्षं. किती घरं, किती खुर्च्या, पडद्यापाशी उभी राहिलेली किती माणसं. आरसेवाल्यांना हे एकदाही सुचलं नव्हतं.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"म्हणून तर दुसऱ्या मेकॅनिकला दार उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या थांबल्या. "टीव्हीचं मला काही नाही हो. डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा मी विचारलं, थोरले आलेत का? त्याचं लागलं."

आरसेवाल्यांनी आरसा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला. गॅलरीतून साहेब आत आले आणि हसत म्हणाले, "झालं रद्द. आता तरी बसा, दादा." आरसेवाल्यांनी दाराजवळची आपली खुर्ची उचलली, सासूबाईंच्या शेजारी आणून ठेवली आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

"डोळे आता कसे आहेत?" त्यांनी विचारलं.