हातावरचं पान

नाझियाचा निरोप आमच्या संत्रा-बागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला तेव्हा मी अमरावतीच्या कोर्टात, बाररूममध्ये चहा घेत होते. ‘अब्बू सकाळी गेले.’ त्याच्या वरच कुणीतरी रोगट पानाचा फोटो टाकला होता. सवयीनं मी आधी तो मोठा करून पाहिला... मग खालचे शब्द वाचले. चहा तसाच राहिला.

तिचे अब्बू म्हणजे रफीकसर. वरूडकडच्या एका उर्दू शाळेत भूगोल शिकवायचे आणि निवृत्तीनंतर थोडीशी बाग सांभाळायचे. माझे वडील गेल्यावर त्यांची बाग माझ्या गळ्यात पडली, आणि बांधाला बांध लागून असल्यामुळे सरही वाट्याला आले. वर्षं वाईट होती. संत्र्याला भाव नव्हता, बुंध्यातून डिंक गळायला लावणाऱ्या डिंक्या रोगानं झाडं उभ्या उभ्या वाळत होती, आणि माणसं आपली अडचण घरातसुद्धा सांगेनाशी झाली होती. म्हणून सरांनी ग्रुप काढला. मी पहिल्यांदाच काही विचारलं तर म्हणाले, “मले नाई मालूम, वकीलबाई. पन कोनाले मालूम हाय, थे मालूम हाय.” लगेच ग्रुपवर अकोल्याकडच्या एका बागवाल्याला त्यांनी हाक मारली. त्याच्या उत्तरावर नांदगाव खंडेश्वरच्या बाईंनी हरकत घेतली, तिसऱ्यानं आपल्या बागेतला अनुभव सांगितला आणि संध्याकाळपर्यंत मला काय करायचं ते कळलं. सर मधे एका अक्षरानं बोलले नाहीत. ही शिकवण्याची तऱ्हा आहे की कामचुकारपणा, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते पोट धरून हसले.

नियम मात्र त्यांचा एकच, आणि त्यात माफी नव्हती. फोटो काढायचा तो पान तळहातावर ठेवूनच. “हात दिसू द्या. पान केवढं हाय थे समजते, अन् मानूस कोन हाय थेबी समजते.” आम्हा बहुतेकांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती, पण हात पाठ झाले होते. अकोल्याच्या माणसाचा अंगठा अर्धाच होता. नांदगावच्या बाईंच्या हातावर भाजल्याचा डाग होता. सरांच्या तर्जनीला शाई लागलेली असायची, कारण फोन हातात असूनही टिपणं ते जुन्या पेनानंच काढायचे.

त्यांनी टाकलेला शेवटचा फोटो संत्री तोडणीच्या दिवसांतला. तळहातावर एक फिकट पिवळं पान, शिरा तेवढ्या हिरव्या. ‘याले काय झालं असन?’ दिवसभर वाद रंगला. कुणी लोह कमी म्हणालं, कुणी जस्त, कुणी पाणी जास्त झालं म्हणालं. मीही ऐटीत माझं मत दिलं. पानाखालचा तळहातही तितकाच पिवळा होता. तोडणीत सालीचा रस लागून आमचे सगळ्यांचेच हात पिवळे होतात. सरांनीही तेच धरलं होतं. ते दवाखान्यात गेले तेव्हा कावीळ फार पुढे गेली होती आणि तिच्यामागचा आजार त्याहून पुढे. डॉक्टरांनी नाझियाला विचारलं म्हणे, “कुणाच्याच लक्षात आलं नाही?” पोरीनं हे मला सांगितलं त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आधी कळलं असतं तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. ग्रुपमधल्या कुणालाच माहीत नाही.

मातीच्या दिवशी सरांच्या अंगणात अनोळखी माणसं दाटली होती. मी एका माणसाचा अंगठा पाहिला आणि मला रडू फुटलं. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. “वकीलबाई ना तुमी?” एवढंच म्हणाला, आणि तोही रडायला लागला.

ग्रुप चालू आहे. परवा नांदगावच्या बाईंनी फोटो टाकला. मी पानाबद्दल लिहायला घेतलं, तेवढ्यात अकोल्याहून मजकूर आला, “पानाचं मंग पाहू. ताई, बोटं काहून सुजले तुमचे?” त्यावर सगळ्यांनी तेच विचारलं. पान तसंच राहिलं. बाई दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन आल्या.

सरांचा तो फोटो मी फोनमधून पुसलेला नाही. रोज एकदा उघडते. तर्जनीला शाई आहे, तळहात पिवळा आहे. त्यांनी दाखवलं होतं ते पान आता मला शोधावं लागतं.