याडीला मुकादम केलं तेव्हा

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या सुमारास मी वसमतच्या एका हळदीच्या कारखान्यात मॅनेजर होतो. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन लांब शेड. एका शेडमध्ये हळद पॉलिश करायचे ढोल फिरायचे, दुसऱ्यात बायका जमिनीवर बसून पॉलिश झालेली हळकुंडं निवडायच्या. लांब आणि जाड एकीकडे, तुटकं, काळपट, किडकं दुसरीकडे. दिवसभर हेच काम. संध्याकाळी घरी निघताना त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे असायचे आणि पदराने तोंड पुसलं की पदरही पिवळा व्हायचा.

मालक नांदेडला राहायचे. आठवड्यातून एखादी चक्कर मारायचे आणि दर वेळी एकच सांगायचे, "बाया टिकवा. माल आहे, मशीन आहे, पण बाया टिकत नाहीत." ते खरंच होतं. कापूस फुटला की अर्ध्या बायका वेचणीला जायच्या, लग्नसराई लागली की उरलेल्यांतल्या निम्म्या गायब व्हायच्या. मी नुकताच बी.कॉम. झालेलो, अंगात उत्साह होता. शेडमध्ये पंखे बसवून घेतले, पाण्याचे मोठे माठ आणले, दुपारचा चहा चालू केला. एकदा तर खांबाला टेपरेकॉर्डर टांगून गाणी लावली. दोन-तीन दिवसांनी एक बाई केबिनच्या दारात येऊन म्हणाली, "सायेब, ते गाणं बंद करा. एकमेकीचं आयकू येईना."

एकमेकीचं म्हणजे खरं तर याडीचं.

याडी औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका तांड्यातून यायची. वय चाळिशीच्या पुढे, उंच, आवाज खर्जातला. तिच्या भाषेत याडी म्हणजे आई. तांड्यातल्या दोन-तीन बायका तिला तसं म्हणायच्या, म्हणून मग सगळीच शेड म्हणायला लागली. मी मात्र मावशी म्हणायचो. ती निवडता निवडता गोष्टी सांगायची. देवादिकांच्या नव्हे, घरच्याच. तिची सासू एकदा बकरी घेऊन एस.टी.त चढली आणि बकरीला तिकीट पडतं की नाही यावरून कंडक्टरशी भांडली, ही एकच गोष्ट चार-पाच दिवस चालली होती. बस वसमतच्या अलीकडे थांबवली, सासू खाली उतरेना, बकरी ड्रायव्हरजवळ जाऊन बसली, इथपर्यंत आलं की सुटायची वेळ व्हायची. याडी हात झटकून म्हणायची, "आता बाकीचं उद्या." दुसऱ्या दिवशी कुणाचाही खाडा नसायचा. मी पातळ फळीच्या पलीकडे केबिनमध्ये बसून ऐकायचो. कितीदा तरी हातातलं काम तसंच राहायचं.

तिच्या शेजारी तिची धाकटी जाऊ बसायची. मधूनमधून याडीचं बोलणं खोडून काढणं हे तिचं काम. "खोटं सांगून राहिली. बकरी सासूची नव्हती, माझ्या माहेरची व्हती." मग याडी म्हणायची, "व्हय बाई, तुझी बकरी, पण भांडण तर सासूचं ना?" दोघी एकाच बसने यायच्या, एकाच फडक्यात भाकरी बांधून आणायच्या.

मला वाटलं, हिच्यामुळे बायका टिकतात, तर हिचं काहीतरी चांगलं करावं. मी मालकांना सांगून तिला मुकादम केलं.

यात माझं स्वतःचंही काही होतं. आमच्या घरात पहिली खुर्ची आली ती माझ्या नोकरीनंतर. माझ्या आईचं सगळं आयुष्य लोकांच्या रानात बसून निंदण-खुरपण करण्यात गेलं होतं. एखाद्याला जमिनीवरून उठवून खुर्चीत बसवणं, यापेक्षा मोठं काही आपण कुणासाठी करू शकतो, असं मला तेव्हा वाटतच नव्हतं. त्यामुळे मी तिला विचारलं नाही, सरळ सांगितलं.

ती म्हणाली, "मला काहून उठवून राहिले, सायेब? मी हितंच बरी हाये."

"मावशी, पगार वाढंल. मान मिळंल."

"मान हाये की मला," ती म्हणाली आणि हसली. बायकाही हसल्या. मी ते लाजणं समजलो.

शेडच्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पहिले काही दिवस तिला खुर्चीवर पाय कुठे ठेवावेत ते कळेना. ती मांडी घालूनच बसायची. शेजारच्या शेडमधल्या ढोलांच्या आवाजात तिथून बायकांना ऐकू जायचं तर ओरडून बोलावं लागायचं, आणि ओरडून बोललं की रागावल्यासारखं व्हायचं. गोष्ट अशी सांगता येत नाही. तिने एकदा प्रयत्न केला आणि मधेच सोडून दिला. शिवाय मीच तिला बजावलं होतं की चांगल्या मालात तुटकं कोण घालतं, गप्पांत हात कुणाचा थांबतो, यावर लक्ष ठेवा. बायका हळू बोलायला लागल्या. ती जवळून गेली की गप्प व्हायच्या. मला शेड शांत वाटली. कामात शिस्त आली, असं मी मालकांना सांगितलंसुद्धा.

त्याच हंगामाच्या शेवटी माल कमी यायला लागला. मालक म्हणाले, दोन बाया कमी करा. कुणाला करायचं ते माझ्यावर सोपवून ते नांदेडला गेले.

माझ्या जिवावर आलं. मी सगळ्यांना ओळखत होतो. कुणाचा नवरा काय करतो, कुणाचं पोरगं कितवीत आहे, सगळं माहीत होतं. मी याडीला केबिनमध्ये बोलावलं.

"मावशी, दोघींना थांबवावं लागतंय. तुम्ही रोज बघता, तुम्हीच सांगा कुणाला."

"सायेब, हे माझं काम न्हाई."

"मुकादमाचंच काम असतं हे," मी म्हणालो. किती सहज म्हणालो ते अजून आठवतं. समोरचा पंखा जरा आपल्याकडे वळवून घ्यावा इतक्या सहज.

दुसऱ्या दिवशी ती आली. एक म्हातारी होती, तिला नीट दिसत नव्हतं, तिचं नाव याडीने आधी घेतलं. दुसरं नाव तिच्या जावेचं होतं.

मी म्हणालो, "त्यांचा हात तर चांगला आहे. त्या काहून?"

"तिला ठेवलं तर बाया म्हणतीन, आपली वाचवली अन् दुसऱ्याची काढली."

ती खाली बघत होती. त्या क्षणी मला थांबता आलं असतं. नाव खोडून दुसरं मी सांगितलं असतं, मालकांना फोन लावला असता, काहीही करता आलं असतं. मी "बरं" म्हणालो. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. आणि त्या दोघींना सांगायलाही मी तिलाच पाठवलं. स्वतः केबिनच्या खिडकीआड उभा राहिलो.

म्हातारी थोडी रडली. जाऊ उठली, लुगड्यावरची हळद झटकली, खांबाला अडकवलेलं फडकं काढलं, गाठ सोडली. आपल्या वाट्याच्या भाकरी पदरात घेतल्या, बाकीच्या फडक्यात पुन्हा बांधून ते होतं तिथे अडकवलं आणि निघून गेली. त्यांच्या बसला अजून बराच वेळ होता.

घरी जेवताना मी आईला सांगितलं. आई ताटात भाजी वाढत होती.

"नाव कोणं घेतलं?" तिने विचारलं.

"मुकादमबाईनं."

"तिच्या तोंडानं घेववलं तू." आई एवढंच म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने स्वतःचं ताट केलं आणि चुलीजवळ जाऊन जेवली.

त्यानंतर याडी एकटीच बसने यायची. बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी खरं कारण सांगितलं नाही. एकीचं लेकरू आजारी होतं, एक माहेरी गेली, एकीला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. पंखे फिरत होते, चहा वेळेवर येत होता. मी दर आठवड्याला नव्या बायका शोधत होतो.

एका रविवारी मी गाडी काढून तांड्यावर गेलो. याडीचं आणि जावेचं घर समोरासमोर होतं, अंगण एकच. त्या अंगणाच्या मधोमध बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं होतं, अजून काटे हिरवे होते. जावेच्या दाराला कुलूप होतं. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि शाळेत जाणारी पोरगीही तिने सोबत नेली होती. याडीने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मी म्हणालो, "मावशी, खुर्ची काढून टाकतो. तुम्ही पहिल्यासारख्या खाली बसा. जाऊबाई आल्या की त्यांनाही घेतो."

तिने चहाची कपबशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आता मी खाली बसले तरी बाया माझ्यासमोर बोलतीन का, सायेब?"

मी चहा प्यायलो आणि परत आलो. तिने तो महिना पुरा केला, मग तीही आली नाही. मालकांना मी सांगितलं, बायका टिकत नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही तर सगळं करून पाहिलं, तुमचा काय दोष?" हे वाक्य ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पुढच्या दोन-चार वर्षांत निवडणीचं मशीन आलं आणि टिकवायच्या बायकाच उरल्या नाहीत. मी कारखाना सोडला आणि हिंगोलीला एका पतसंस्थेत लागलो.

बऱ्याच वर्षांनी कामासाठी औंढ्याला गेलो होतो. बसस्टँडवर याडी दिसली. केस पिकले होते, कडेवर नातू होता. मी ओळख दिली. ती म्हणाली, "वळखलं की, हळदीचे सायेब." तिने माझी आई कशी आहे ते विचारलं. आई गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने नातवाला खाली उतरवलं.

मग मी बोललो. इतकी वर्षं मनात घोळवलेलं होतं, पण तोंडातून निघालं ते अर्धवटच. "मावशी, ते नाव मी तुम्हाला घ्यायला लावायला नको होतं."

ती रागावली नाही. नातवाच्या सदऱ्याचं बटण लावत म्हणाली, "तुमी सोता नाव घेतलं असतं, तर आमी दोघी मिळून रस्ताभर तुमाला शिव्या देत गेलो असतो अन् घरी जाऊन चहा पेलो असतो."

मी तिची खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग विचारलं, "जाऊबाई बोलतात का आता?"

"माझ्या लेकीच्या लग्नाला आली व्हती. लेकीला लुगडं नेसवलं, पोटाशी धरलं." ती थांबली. "जेवली मात्र न्हाई."

तेवढ्यात तिची बस लागली. गर्दी होती. मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली, तिने नातवाला आधी चढवलं, मग स्वतः चढली. बस निघेपर्यंत मी तिथे उभा होतो, पण तिला खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे ती पुन्हा दिसली नाही.

पतसंस्थेत माझ्या हाताखाली आता माणसं आहेत. कुणाला कमी करायची वेळ आली तर मी स्वतः समोर बसवून सांगतो. ते माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देतो. पण त्यामुळे जावेची पोरगी शाळेत परत जात नाही.

हिंगोलीहून वसमतला जाताना औंढ्याच्या पुढे डाव्या हाताला तो तांडा लागतो. दर वेळी वाटतं, उतरावं, जाऊबाईंना भेटावं. त्यांना सांगावं की नाव तुमच्या जावेने घेतलं, पण घेववलं मी. काय बोलायचं ते सगळं तयार असतं. बस थांब्यावर थांबते, दोन-चार माणसं उतरतात, कंडक्टर घंटी मारतो. मी अजून उतरलेलो नाही.