दादाच्या नावानं आलेली मेल

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा दारात पाववाला पोदेर भोंपू वाजवत उभा होता. "भावजी, तुमचा मित्र गेला," त्याची बायको, सुलूवहिनी, एवढंच बोलल्या. मी पाव न घेताच आत आलो. महिना उलटला त्याला. माझ्या हळर्णहून त्याच्या गावाला, पाळीला, जाऊन बाराव्याचं जेवून आलो, तरी मला अजून शशीचा रागच येतो. रडू येतं ते रागाच्या पाठोपाठ.

आम्ही दोघं डिचोलीला खनिज वाहतुकीच्या एका कचेरीत चाकरीला होतो. तिथं संगणक आला तेव्हा शशीनं एक पद्धत पाडली. मेल कोण पाठवतो ते सोड, काम कुणाचं ते बघ! ट्रकमालकाच्या पोराचा पत्ता असो, ड्रायव्हरचा असो की गॅरेजचा, तो मालकाच्याच नावानं साठवायचा. मेल आली की वर मालकाचं नाव. साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे, पण आमचं काम कधी अडलं नाही. पुढं खाणी बंद पडल्या, कचेरी गेली, सवय मात्र आम्हा दोघांच्याही हाताला चिकटून राहिली.

मग शशीचे थोरले भाऊ, वसंतदादा, आजारी पडले. त्यांचे रिपोर्ट पणजीच्या एका लॅबमधून शशीच्या मेलवर यायचे. शशीनं सवयीनं लॅबचा पत्ता 'वसंतदादा' म्हणून साठवला. दादा गेले. पत्ता तसाच राहिला.

यंदा शशीलाच गिळताना दुखायला लागलं. गळ्यातला तुकडा काढून त्याच लॅबला तपासायला दिला. थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला.

"दादाची मेल आयल्या रे... गेल्ल्या मनशाची मेल! दादा म्हाका आपयता." दादा मला बोलावतोय, म्हणे!

"शाणो मरे तूं!" मी हसलो. म्हटलं, बाबा, ती लॅबचीच मेल. तू यादीत जे नाव घातलंस तेच तो प्रोग्राम दाखवतो, त्याला काय ठाऊक कोण जिवंत नि कोण मेलेलं! नावावर बोट ठेव, खाली खरा पत्ता दिसेल. मग यादीत जा, दादाचं नाव काढ, लॅबचं घाल. दोन मिनिटांचं काम.

"दादाचें नांव हांवें म्हज्या हातांनी पुसचें?" तो म्हणाला... आणि फोन ठेवला.

मेल त्यानं उघडलीच नाही. डॉक्टरांचा फोनही उचलेना. वहिनींनी देवाचा कौल घ्यायला, प्रसाद लावायला सांगितलं. मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर मेल उघडायची, असं ठरलं. दोघं हात जोडून बसून राहिली, एकही पाकळी पडली नाही. भटजी म्हणाले, "देव गप्प आहे, थांबा." आणि हा शहाणा थांबला!

शेवटी मीच पाळीला गेलो. दारातच त्याच्या गळ्याची गाठ दिसली. त्याला बाजूला बसवून यादीतलं दादाचं नाव मी बदललं, मेल मी उघडली. जे नको होतं तेच तिच्यात होतं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

त्या दिवशी शशी म्हणाला, "आतां सगळे रिपोर्ट तुज्याच मेलार येऊं दी. म्हाका पळोवंक नाका." त्याला ते बघायचेच नव्हते. तसे ते शेवटपर्यंत माझ्याकडे येत राहिले. वाचायचो मी, आणि फोनवर त्याला सांगायचो की बरं आहे.

गेल्या आठवड्यात खोकला थांबेना म्हणून मीही पणजीला जाऊन तपासणी करून आलो. लॅब तीच. आज सकाळी मोबाइल उघडला, तर सगळ्यात वर, न वाचलेली, ठळक अक्षरांत एक मेल... 'शशी, पाळी'.

लॅबचीच आहे. मीच साठवलंय ते नाव, कचेरीच्या सवयीनं. नावावर बोट ठेवायचं, यादीत जायचं, नाव काढायचं... दोन मिनिटांचं काम. आता संध्याकाळचा पोदेरही भोंपू वाजवत गेला. मी अजून त्या नावापुढंच बसलोय.